द्वारका ते सिन्नर, रोज एक एपिसोड: होमब्रूइंग पॉडकास्टचा रिव्ह्यू

रोज सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडवरून निघायचं, द्वारकेच्या सर्कलला अडकायचं, मग नाशिकरोड, शिंद्याचा टोल, मोहदरी घाट आणि सिन्नर एमआयडीसी. संध्याकाळी तेच उलटं. जाऊन येऊन दोन सव्वादोन तास गाडीत जातात आणि गाणी ऐकून ऐकून किती ऐकणार, म्हणून गेली दोन वर्षं मी या वेळात फक्त होमब्रूइंगचे, म्हणजे घरच्या घरी बिअर करण्याचे पॉडकास्ट ऐकतोय. आता एवढे ऐकून झालेत की कोणता घ्यावा, कोणता सोडावा आणि मुळात घरी काहीतरी आंबवत बसणाऱ्या माणसाला त्यातून काय हवं असतं यावर लिहायलाच पाहिजे असं वाटलं, कारण मराठीत याबद्दल मला कुठे काही सापडलं नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मी इथे नाशिकमध्ये बिअर करत नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, विनापरवाना दारू बनवणं गुन्हा आहे, आणि हौसेखातर घरी बिअर करायचा परवाना असा काही मिळत नाही. मी ब्रूइंग शिकलो ते इंग्लंडात, लीड्सला तीन वर्षं प्रोजेक्टवर होतो तेव्हा. तिकडे १९६३ पासून स्वतःपुरती बिअर करायला लायसन्स लागत नाही. मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, तिथेच राहतो, त्याच्या तळघरात आम्ही दोघांनी पहिली बॅच लावली, आणि तो अजूनही दर महिन्याला लावतो. मी परत आल्यावर माझं सगळं आलं, चहा आणि गाजर यांच्यावर आलं. म्हणजे आल्याचा सोडा, कोंबुचा (आंबवलेला गोड चहा) आणि हिवाळ्यात गाजराची कांजी. पण यीस्ट आणि बॅक्टेरियाला कुठे माहीत असतं की आपण कोणत्या देशात आहोत, त्यांचे नियम सगळीकडे तेच, त्यामुळे हे पॉडकास्ट मला इथेही तितकेच कामाचे वाटतात आणि दादाच्या बॅचची चर्चा तर रविवारी फोनवर ठरलेलीच असते.

सुरुवात 'बेसिक ब्रूइंग रेडिओ'पासून करा. जेम्स स्पेन्सर नावाचे गृहस्थ २००५ पासून चालवतात, पॉडकास्ट हा शब्दच लोकांना नवीन होता तेव्हापासून. आवाज शांत आहे, पाहुण्याला बोलू देतात, मध्ये तोंड घालत नाहीत, आणि मुख्य म्हणजे एका एपिसोडला एक विषय. आज हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) म्हणजे हॉप्सच. नवीन माणसाला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. माझ्या बायकोला या विषयात काडीचा रस नाही पण त्र्यंबकला जाताना तिनेही एक एपिसोड पूर्ण ऐकला आणि घरी आल्यावर विचारलं की मग आपल्या इडलीच्या पिठातही हेच होतं का. याहून मोठं सर्टिफिकेट मी काय देणार. ५ पैकी ४.

आता 'ब्रू स्ट्राँग'. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण याने माझा एक वर्षभर न सुटलेला प्रश्न सोडवला.

हा 'द ब्रूइंग नेटवर्क'चा कार्यक्रम, जमील झायनाशेफ आणि जॉन पामर ही जोडी. पामर मूळचे धातुशास्त्रातले इंजिनिअर, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचं कारण खणून काढायची सवय, आणि जमील म्हणजे स्पर्धांमध्ये ढिगाने बक्षिसं मिळवून नंतर स्वतःची ब्रुअरी काढलेला माणूस. एक सांगतो असं का होतं, दुसरा सांगतो मग हातात भांडं असताना काय करायचं. पाण्यावर त्यांचे जुने एपिसोड आहेत, तेवढे शोधून ऐकाच.

माझं असं होत होतं की कोंबुचा आंबायलाच तयार नाही. चहा तोच, साखर तीच, विरजण म्हणून घातलेला जुना कोंबुचा तोच, पण गंगापूर रोडच्या या फ्लॅटमध्ये आल्यापासून आंबटपणा यायला दुप्पट दिवस लागायचे आणि एकदा तर वर बुरशी धरली आणि सगळी बरणी ओतून द्यावी लागली. मी तापमान बदललं, चहा बदलला, बरणी बदलली. पाणी सोसायटीच्या बोअरचं होतं, टीडीएस मीटरवर ६०० च्या आसपास यायचं, मला वाटायचं जड पाणी आहे, असू दे, यीस्टला मिनरल मिळतील.

मग मोहदरी घाटात ट्रकच्या मागे रांगेत असताना पामर समजावून सांगत होते की पाण्यात किती क्षार आहेत हा एकटा आकडा काहीच सांगत नाही, कॅल्शियम किती आणि अल्कलिनिटी किती हे वेगवेगळं माहीत पाहिजे. अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल गिळून टाकायची ताकद. कोलबाख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये दाखवलं की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मॅशमध्ये, म्हणजे माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवतात तेव्हा, ही ताकद काही प्रमाणात कापतात, जे उरतं ती रेसिड्युअल अल्कलिनिटी, आणि मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ मध्ये बसतो की नाही हे बरंचसं तिच्यावर ठरतं. भाजलेलं काळं माल्ट आंबट असतं म्हणून डब्लिनच्या अल्कलाइन पाण्यात काळा स्टाउट जमला, आणि पिल्झेनचं पाणी इतकं हलकं की तिथे फिकट सोनेरी लागर जमली. गावचं पाणी जसं तशी गावची बिअर.

मी गाडीतच कपाळाला हात लावला. माझ्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट ठासून भरलेलं, बिचारे बॅक्टेरिया आम्ल तयार करतायत आणि पाणी ते गिळतंय, पीएच खाली यायलाच उशीर, आणि पीएच वर राहिला की बुरशीला रान मोकळं. घरी आल्यावर त्याच दिवशी अर्धं आरओचं आणि अर्धं नळाचं पाणी घेऊन नवीन बरणी लावली, जुना कोंबुचाही जरा जास्त घातला, तिसऱ्या दिवशी पीएच पट्टी ४ च्या खाली. हे पॉडकास्ट बिअरबद्दल बोलत होते, कोंबुचाचा शब्दही नव्हता, पण कारण सांगितलं होतं ना, म्हणून ते मला उचलून दुसरीकडे लावता आलं. रेसिपी सांगितली असती तर मला काडीचा उपयोग झाला नसता.

तक्रार म्हणाल तर दोन. सगळं फॅरनहाइट, औंस आणि गॅलनमध्ये. ते १५२ म्हणतात तेव्हा मी मनात ६६.७ करत बसतो आणि तोपर्यंत ते पुढच्या वाक्यावर गेलेले असतात. पाच गॅलन म्हणजे १९ लिटर, हे आता पाठ झालं, पण गाडी चालवताना प्रत्येक आकड्याला गणित म्हणजे त्रास आहे. आणि दुसरं, गप्पा. विषयावर यायला वेळ लागतो. ज्यांना मित्रांच्या मैफलीत बसल्यासारखं आवडतं त्यांना ते आवडेल, मला द्वारका पार होईपर्यंत मुद्द्याचं काही मिळालं नाही की चुळबूळ होते. तरीपण ५ पैकी साडेचार, पाण्याच्या एपिसोडना ५.

'ब्रूलॉसफी'चा पॉडकास्ट वेगळ्याच जातीचा आहे. मार्शल शॉट आणि त्यांची मंडळी एकच बिअर दोनदा करतात, फक्त एक गोष्ट बदलून, आणि मग लोकांना तीन ग्लास देतात. दोन ग्लासात एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तिघातला एक बरोबर सांगणारच, म्हणून २० जण चाखत असतील तर किमान ११ जणांनी बरोबर ओळखल्याशिवाय ते फरक आहे असं म्हणत नाहीत. आणि ऐकताना थक्क व्हायला होतं की ज्या गोष्टींवर लोक वर्षानुवर्षं भांडतात त्या गोष्टींचा फरक किती वेळा चाखणाऱ्यांना कळतच नाही. मला हे फार आवडतं, कारण आपल्याकडेही प्रत्येक घरात लोणचं, विरजण, पापड याबद्दल शंभर नियम असतात आणि कोणी कधी दोन बरण्या शेजारी शेजारी ठेवून बघितलेलं नसतं. मी बघितलं. कांजीला लाल मोहरी आणि पिवळी मोहरी, बाकी सगळं सारखं, मळ्यातल्या घरी सुट्टीला जमलेल्या १२ जणांना तीन तीन वाट्या दिल्या. ९ जणांनी वेगळी वाटी बरोबर उचलली. काकू म्हणाल्या, अरे हे तर मी वासावरून सांगितलं असतं, आणि त्यांचं बरोबरच होतं.

पण इथे ऐकणाऱ्याने स्वतः सावध राहायला हवं. फरक सापडला नाही याचा अर्थ फरक नाहीच असा होत नाही. वीसेक माणसं, एक बॅच, एक रेसिपी, एवढ्यावरून सगळ्यांसाठी नियम निघत नाही. ते स्वतः हे सांगतात, पण ऐकणारे सोयीचं तेवढं उचलतात. दादाने एकदा असंच काहीतरी ऐकून यीस्टचं तापमान सांभाळायचं सोडून दिलं, आणि ते नेमकं जुलै २०२२ मध्ये, जेव्हा इंग्लंडात पहिल्यांदाच पारा ४० च्या वर गेला. मला फोन आला, "अरे, इथे तुझं नाशिक झालंय." त्याची पेल एल, म्हणजे बिअरचाच एक प्रकार, २९ डिग्रीला आंबत होती. यीस्ट काम करताना स्वतःही उष्णता सोडतं, भांड्याच्या आतलं तापमान खोलीपेक्षा दोन ते पाच डिग्री जास्त असू शकतं, आणि साधं एल यीस्ट १८ ते २२ मध्ये खूश असतं. त्याच्या वर गेलं की जड अल्कोहोल तयार होतात, घशाला जाळतात, नेलपॉलिशसारखा वास मारतो. त्याची बॅच तशीच झाली, आणि त्या एका बॅचपुरतं तो फार हिरमुसला होता.

आता इथे येतो मी माझ्या मुख्य मुद्द्यावर. गरम हवेत राहणाऱ्या माणसासाठी या सगळ्या पॉडकास्टमध्ये फार थोडं आहे. तापमानाचा विषय निघाला की उत्तर एकच, जुना फ्रीज घ्या, त्याला कंट्रोलर लावा. ठीक आहे, ज्याच्याकडे गॅरेज आहे त्याने लावावा. दोन बीएचकेत दुसरा फ्रीज कुठे ठेवायचा? आणि मे महिन्यात दुपारी लाइट गेली की तोही फ्रीज काय कामाचा. मी दादाला माठाचा उपाय सांगितला. मोठ्या टबात चार बोटं पाणी, त्यात भांडं, भांड्याला ओला टॉवेल गुंडाळायचा, टॉवेलचं टोक पाण्यात, समोर टेबल फॅन, आणि सकाळ संध्याकाळ गोठवलेल्या पाण्याची एक एक बाटली टबात सोडायची. अमेरिकेत याला स्वॅम्प कूलर म्हणतात, आपल्या आज्या याला ओलं गोणपाट म्हणायच्या. पुढची बॅच २२ वर राहिली. नाशिकला मार्च एप्रिलमध्ये हवा कोरडी असते तेव्हा हा उपाय फार छान चालतो, जुलैत हवा दमट झाली की टॉवेल वाळतच नाही आणि काही थंड होत नाही, पण तेव्हा बाहेरच २५ असतं त्यामुळे फार बिघडत नाही. हे मला कोणत्याही एपिसोडने असं ऋतूनुसार सांगितलं नाही. मी मार्चपासून जूनपर्यंत वहीत रोज सकाळ दुपार रात्र बरणीचं तापमान लिहून शोधलं.

एक अपवाद आहे आणि तो सांगायलाच हवा. नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांकडे पिढ्यानपिढ्या सांभाळलेलं क्वेइक नावाचं यीस्ट आहे. लार्स मारियुस गारशोल यांनी खेडोपाडी फिरून त्याची नोंद केली आणि गेल्या दहाबारा वर्षांत ते जगभर पोचलं. व्हॉस गावाकडचं क्वेइक ३५, अगदी ४० डिग्रीलाही नीट आंबवतं आणि संत्र्यासारखा वास देतं. लोक ते लाकडाच्या कड्यांवर, कापडावर वाळवून ठेवायचे आणि शेजारी मागायला आला तर द्यायचे. हे ऐकताना मला गाडी बाजूला घ्यावीशी वाटली, कारण हे तर आपलं विरजण आहे! आईने कितीदा शेजारच्या काकूंकडे वाटी देऊन पाठवलंय मला. ज्या ज्या पॉडकास्टने क्वेइकवर एपिसोड केलेत ते सगळे मी दोन दोनदा ऐकलेत. दादाने पुढच्या उन्हाळ्यात तेच वापरलं, टॉवेल नाही, टब नाही, आठवड्याभरात बिअर बाटलीत.

'एक्सपेरिमेंटल ब्रूइंग' थोडक्यात सांगतो. ड्रू बीचम आणि डेनी कॉन, दोघंही खूप जुने ब्रुअर, आणि श्रोत्यांनाच प्रयोगाला लावतात, त्यांना इगोर म्हणतात. डेनी कॉन म्हणजे स्वस्तातल्या कूलरचा डबा घेऊन बॅच स्पार्ज करा (माल्टवर एकदम गरम पाणी ओतून उरलेली साखर धुवून घ्या), चकचकीत स्टीलची गरज नाही असं सांगणारा माणूस. या एका गोष्टीसाठी मला तो आवडतो. हौस करणाऱ्याला सगळ्यात आधी हे कोणीतरी सांगायला हवं की काय विकत घ्यायची गरज नाही. ५ पैकी ४.

ब्रॅड स्मिथ यांचा 'बिअरस्मिथ' पॉडकास्ट पण आहे, पाहुणे चांगले असतात, विषय नीट मांडलेला असतो, पण मला तो ऐकण्यापेक्षा वही घेऊन बसायचा प्रकार वाटतो. घाटात नको.

आणि एक पॉडकास्ट आहे ज्याचं नाव मी घेणार नाही, ज्याच्यामुळे माझ्या मनात पहिल्यांदा आलं की आपल्याला नेमकं काय नको हे लिहून ठेवावं. एक तासाचा एपिसोड, त्यात पहिली वीस मिनिटं जाहिरात आणि गेल्या आठवड्यात कोण कुठे फिरून आलं, मग एक बिअर उघडतात, "वा, मस्त", मग दुसरी उघडतात, "ही पण मस्त." मला ग्लास दिसत नाही, वास येत नाही, माझ्यासाठी मस्त म्हणजे काय? सालीसकट संत्रं चावल्यासारखं कडू आहे का, ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय का, उकडलेल्या मक्याचा येतोय का, असं सांगा ना. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे डीएमएस, फिकट माल्टमध्ये त्याचा मूळ पदार्थ जास्त असतो, जोरात आणि झाकण न ठेवता उकळलं की डीएमएस वाफेबरोबर उडून जातो. एवढं एक वाक्य बोलले असते तर त्या तासाचं सोनं झालं असतं.

पण सगळ्यात जास्त राग मला आला तो बाटल्यांच्या बाबतीत. त्याच कार्यक्रमात जिंजर बिअरवर एपिसोड होता, साखर किती घालायची ते सांगितलं, काचेच्या बाटलीत भरा म्हणाले, दोन आठवडे ठेवा म्हणाले, आणि पुढचा विषय. खोली किती गरम आहे, यीस्टने आधीची साखर संपवली का हे कसं बघायचं, आणि नसेल संपवली तर काचेच्या बाटलीचं काय होतं, याबद्दल अक्षर नाही. मी एप्रिलमध्ये ओट्यावर ठेवलेल्या सहा बाटल्यांपैकी एक रात्री फुटली. पोरगी दुपारी त्याच ओट्यापाशी उभी राहून डबा भरते. काचा फ्रीजच्या दारापर्यंत उडाल्या होत्या, आणि मी त्या रात्री झोपलो नाही. तेव्हापासून मी फक्त सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या वापरतो, दाबून बघायची, दगडासारखी कडक झाली की लगेच फ्रीजमध्ये, आमच्या उन्हाळ्यात हे दोन दिवसांत होतं, कधी दीड. तेवढ्यावर थांबवलं की अल्कोहोलही फार वाढत नाही. जो कोणी माइकसमोर बसून लोकांना घरी बाटल्या भरायला सांगतो त्याने हे सगळ्यात आधी सांगावं, रेसिपीच्या आधी, हे मी अगदी कळकळीने लिहितोय.

बाकी लहानसहान गोष्टी आहेत. एपिसोडला कोणत्या मिनिटाला कोणता विषय हे लिहिलेलं असावं, मला सॅनिटायझरबद्दल परत ऐकायचं असतं तेव्हा दीड तास पुढे मागे करत बसतो. बिघडलेल्या बॅचवर वेगळा एपिसोड असावा, कारण जमलेली बॅच आनंद देते पण बिघडलेली शिकवते, आणि लोक बिघडलेलीबद्दल बोलायला लाजतात. एक लिटर, दोन लिटरच्या छोट्या बॅचवर कोणीतरी बोलावं, सगळं १९ लिटरचंच का?

आणि हे सगळं मराठीत असतं तर, असं दर वेळी शिंद्याच्या टोलला वाटतं. आपलं गाव द्राक्षांचं, दिंडोरी पिंपळगावला अर्ध्या घरांत द्राक्षातल्या साखरेचा ब्रिक्स मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर पडलेलं असतं, वायनरीच्या लॅबमध्ये काम करणारी मुलं मुली शहरभर आहेत, पेठ सुरगाण्याकडे नाचणीची आंबील आणि मोहाची फुलं यांची पिढ्यांची माहिती आहे, आणि प्रत्येक घरात विरजण लावणारी एक बाई आहे जिला थर्मामीटरशिवाय दुधात बोट घालून कळतं. यातल्या चार जणांना एका खोलीत बसवून बोलतं केलं तर मी सांगतो, वर आलेल्या सगळ्या पॉडकास्टवाल्यांना नवीन काहीतरी ऐकायला मिळेल. कोणी करणार असेल तर कळवा. माझी मार्च ते जूनच्या तापमानाची वही देतो, बोअरच्या पाण्याचा लॅब रिपोर्ट पण आहे, आणि पहिला एपिसोड बाटल्यांवर करा.